पुढच्या साठ वर्षांचा विचार

ज्या व्याधीचा रुग्ण एखाद्या डॉक्टरला आपल्या साऱ्या व्यवसायकाळात जेमतेम एकदोन वेळा पाहावयास मिळतो, त्या व्याधीवर ग्रंथ लिहावा, तो मराठीत लिहावा, आणि मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञांना बाजूस ठेवून अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरासाठी, उपकेंद्रातील नर्सबाईंसाठी, आशाताईंसाठी, शाळेतील बाईंसाठी आणि मुलीच्या आईबापांसाठी लिहावा, या संकल्पाचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणीही विचारील. आणि तो प्रश्न वाजवी असल्यामुळे त्याचे उत्तर देणे हेच मी या प्रस्तावनेचे पहिले कर्तव्य समजतो.

कुमारवयीन मुलींच्या जननेंद्रियांचे कर्करोग विरळ आहेत, हे खरे. परंतु विरळपणा हा पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असतो. एका दवाखान्याच्या खिडकीतून पाहिले तर जो रोग वर्षानुवर्षे दिसत नाही, तो 14 तालुक्यांच्या, 17,000 चौरस किलोमीटरांहून अधिक विस्ताराच्या आणि 2011 च्या जनगणनेनुसार 45 लाखांवर वस्तीच्या या जिल्ह्यात कोठे ना कोठे, कोणत्या ना कोणत्या घरी येणारच. ज्या घरी तो येतो त्या घराला तो विरळ आहे हे ऐकून कसलाही दिलासा मिळत नाही. उलट तो विरळ असल्यामुळेच त्याची शंका कोणास येत नाही, आणि शंका न येणे हाच या व्याधीतील सर्वांत मोठा अपाय आहे. याउलट दुसरी बाजू अशी की, कर्करोगांच्या एकंदर कुळात बऱ्या होण्यास इतके अनुकूल असे रोग फार थोडे आहेत. बीजपेशी-अर्बुद, म्हणजे या वयातील बीजांडकोशाचा प्रमुख कर्करोग, वेळीच ओळखून ज्यांच्यावर नीट उपचार झाले अशा मुलींपैकी दहात नऊहून अधिक मुली बऱ्या होतात. जो रोग बरा होतो तो केवळ न ओळखल्यामुळे जिवावर बेतावा, किंवा बरा होऊनही अज्ञानाने केलेल्या शस्त्रक्रियेमुळे मुलीचे पुढील आयुष्य अकारण उणे व्हावे, याहून अधिक टाळण्याजोगे दुःख वैद्यकात मला तरी ठाऊक नाही.

या विषयात प्रथमच प्रवेश करणाऱ्या वाचकाने एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी: मुलीचा कर्करोग हा आईच्या कर्करोगाची लहान आवृत्ती नाही. पन्नाशी उलटलेल्या स्त्रीच्या बीजांडकोशात जो कर्करोग होतो तो बहुतेक वेळा त्या अवयवाच्या पृष्ठभागाशी संबंधित पेशींतून उद्भवतो, हळूहळू पोटभर पसरतो आणि वारंवार उलटतो. जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 या वयास कुमारवय मानते; त्या वयाच्या मुलीच्या बीजांडकोशातील दुर्धर गाठी बहुतांशी बीजपेशींतून, म्हणजे ज्यांतून पुढे संतती व्हावयाची त्या मूळ पेशींतून निर्माण होतात. डिसजर्मिनोमा, योक सॅक ट्यूमर, अपरिपक्व टेराटोमा, एम्ब्रिओनल कार्सिनोमा आणि गर्भधारणेशी संबंध नसलेला कोरिओकार्सिनोमा ही त्यांची प्रमुख नावे. या गाठी महिन्यागणिक नव्हे, तर कित्येकदा आठवड्यागणिक वाढतात. पोट दुखते, फुगते, हाताला गोळा लागतो, कधी गाठीला पीळ पडून मुलगी कळवळून रुग्णालयात येते आणि अपेंडिक्स म्हणून तिचे पोट उघडले जाते. त्यांची वाढ जितकी वेगवान, तितक्याच त्या औषधांना शरण जाणाऱ्या. आणि बहुधा एकाच बाजूच्या बीजांडकोशात असल्यामुळे दुसरा बीजांडकोश व गर्भाशय यांना हात न लावता त्यांचा निकाल लावता येतो.

दुसरा वर्ग बीजांडकोशातील संप्रेरके निर्माण करणाऱ्या पेशींच्या अर्बुदांचा. त्यांतील बालवयीन ग्रॅन्युलोसा पेशींच्या अर्बुदामुळे सहा-सात वर्षांच्या मुलीला स्तन येऊ लागतात, अंगावर रक्त जाते. सर्टोली-लायडिग अर्बुदामुळे वयात आलेल्या मुलीची पाळी बंद पडते, आवाज घोगरा होतो, ओठावर लव दाट होते. तिसरा वर्ग योनिमार्ग आणि गर्भाशयमुख यांच्या अर्बुदांचा. त्यांत रॅब्डोमायोसार्कोमा हा स्नायूसदृश पेशींचा कर्करोग मुख्य असून अगदी लहान मुलींत तो योनिमार्गात, तर मोठ्या मुलींत गर्भाशयमुखाशी द्राक्षांच्या घडासारखा वाढलेला आढळतो. चौथा वर्ग गर्भधारणेतून उद्भवणाऱ्या व्याधींचा, म्हणजे द्राक्षगर्भ आणि त्यातून क्वचित पुढे होणारा कोरिओकार्सिनोमा यांचा. कोवळ्या वयात गर्भ राहिल्यास द्राक्षगर्भाचा धोका वाढतो, हे वैद्यकास चांगले ज्ञात आहे; आणि ज्या मुलुखात आजही अठराच्या आत मुलींची लग्ने उरकली जातात, त्या मुलुखात ही बाब केवळ वैद्यकाची राहत नाही. अखेरीस ज्यांच्या जन्मजात घडणीतच वैगुण्य आहे अशा मुली येतात: बाह्य रूप स्त्रीचे, परंतु पेशींत वाय गुणसूत्र असून बीजग्रंथी नीट घडलेल्या नाहीत, अशा मुलींना पाळी येत नाही आणि त्या अविकसित ग्रंथींत पुढे अर्बुद होण्याचा धोका मोठा असतो. पंधरा-सोळा वर्षे उलटूनही पाळी न आलेल्या मुलीस 'येईल हळूहळू' म्हणून परत पाठवू नये, याचे हे एक सबळ कारण आहे.

या ज्ञानाचा इतिहास दोन शतकांचा आहे. 1809 साली अमेरिकेतील केंटकी प्रांतात एफ्राइम मॅकडॉवेल या शल्यवैद्याने भूल देण्याची विद्या अद्याप जन्मास आली नसताना एका स्त्रीच्या बीजांडकोशाची प्रचंड गाठ काढली आणि ती स्त्री जगली, तेव्हा पोट उघडूनही मनुष्य वाचतो, हे जगास कळले. त्यानंतरचे शतक शस्त्राचे होते. गाठी निघत, परंतु त्यांचे स्वरूप उलगडत नसे. ते उलगडण्याचे काम सूक्ष्मदर्शकाने केले. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रॉबर्ट मायर यांनी 1931 साली डिसजर्मिनोमा वेगळा ओळखून त्यास नाव दिले. अमेरिकन रॉबर्ट स्कली यांनी 1953 साली अविकसित बीजग्रंथींतील गोनॅडोब्लास्टोमाचे वर्णन केले. डेन्मार्कचे गुन्नार टाइलम यांनी 1959 साली योक सॅक ट्यूमर हा गर्भाच्या बलककोशाशी नाते सांगणारा स्वतंत्र रोग असल्याचे दाखवून दिले. नाव मिळाले तरी जीव मिळाला नव्हता. डिसजर्मिनोमा किरणांना वश असल्यामुळे त्या मुली वाचत, परंतु ओटीपोटावर दिलेल्या शेकाने त्यांचे दोन्ही बीजांडकोश कायमचे निकामी होत. योक सॅक ट्यूमरच्या मुली तर शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दोन वर्षांत बहुतेक सर्व दगावत.

औषधांनी हे चित्र पालटले. 1956 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन चिउ ली, रॉय हर्ट्झ आणि डोनाल्ड स्पेन्सर यांनी फुप्फुसांत पसरलेला कोरिओकार्सिनोमा मेथोट्रेक्झेट या औषधाने नाहीसा झाल्याचे नोंदविले. घन अर्बुद केवळ औषधाने बरे होऊ शकते, याचा तो पहिला दाखला. 1965 साली मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग हे विद्युत्प्रवाहाचा जिवाणूंवर होणारा परिणाम तपासीत असता प्लॅटिनमची संयुगे पेशींचे विभाजन थांबवितात, असे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यातून सिसप्लॅटिन हे औषध निघाले. 1970 च्या दशकात इंडियाना येथे लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते पुरुषांच्या वृषणाच्या कर्करोगात वापरून अपूर्व यश मिळविले, आणि मुलींच्या बीजांडकोशातील अर्बुदे ही त्याच कुळातील असल्यामुळे तीच औषधे थोड्या फेरफाराने त्यांना लागू पडली. ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिसप्लॅटिन या तीन औषधांचा जो संयोग आज जगभर रूढ आहे, तो या प्रवासाचे फळ होय. याच काळात रक्ततपासणीची विद्या पुढे गेली: योक सॅक ट्यूमर रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन सोडतो, कोरिओकार्सिनोमा बीटा-एचसीजी सोडतो, डिसजर्मिनोमात एलडीएच वाढते. गाठ काढल्यानंतर अल्फा-फीटोप्रोटीन दर पाच ते सात दिवसांनी निम्मे व्हावे, अशी अपेक्षा असते. ते तसे उतरले नाही तर शरीरात कोठेतरी रोग उरला आहे, असे समजावे. इतकी विश्वासू खूण फार थोड्या कर्करोगांस लाभली आहे, आणि म्हणूनच कुमारवयीन मुलीच्या पोटात घट्ट गाठ दिसल्यास शस्त्रक्रियेपूर्वी या तीन तपासण्यांसाठी रक्त घेऊन ठेवणे, हा नियम जिल्ह्यातील प्रत्येक शस्त्रक्रियागृहाच्या भिंतीवर लिहून लावण्याच्या योग्यतेचा आहे.

आज या क्षेत्रात जे विचारप्रवाह आहेत त्यांतील मतभेद वाचकाने समजून घेणे अगत्याचे आहे, कारण ते मुलीच्या हिताविषयीच्या दोन प्रामाणिक कल्पनांतून उद्भवलेले आहेत. प्रौढ स्त्रियांचे कर्करोग हाताळणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा कल असा की, पहिल्या अवस्थेतील योक सॅक ट्यूमरलाही शस्त्रक्रियेनंतर औषधे द्यावीत, म्हणजे रोग उलटण्यास जागा उरणार नाही. बालकर्करोगतज्ज्ञांचा पक्ष असा की, गाठ पूर्ण व अखंड निघाली असेल आणि रक्तातील खुणा नियमाने उतरत असतील तर मुलीस औषधांच्या दुष्परिणामांतून न नेता काटेकोर देखरेखीखाली ठेवावे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील बालकर्करोग गटाच्या अभ्यासात अशा 25 मुलींपैकी जवळजवळ निम्म्या मुलींत रोग उलटला, तरी उलटल्यावर औषधे दिल्याने चार वर्षांअखेर 96 टक्के मुली हयात होत्या. दोन्ही पक्षांना या आकड्यांत आपापले समर्थन सापडते. परंतु आपल्याकडे यात तिसरी बाब विचारात घ्यावी लागते: देखरेखीचा मार्ग ज्या मुलीस सांगावयाचा, तिला दर काही आठवड्यांनी रक्त तपासून घेण्यासाठी शहरात येणे शक्य आहे काय? तिचे आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला सहा महिने परमुलखात जाणार असतील तर ती देखरेख कागदावरच राहील. विलायती नियमाची नक्कल करण्यापूर्वी ही तजवीज पाहिली पाहिजे.

शस्त्रक्रियेबाबत मात्र मतभेद जवळजवळ मिटला आहे. ज्या बाजूस अर्बुद आहे तेवढाच बीजांडकोश व नलिका काढावी, गाठ फुटू देऊ नये, पोटातील द्रव तपासास घ्यावा, दुसरा बीजांडकोश आणि गर्भाशय राखावे. रोग पसरलेला असला तरीदेखील हेच धोरण ठेवावे, कारण उरलेला रोग औषधे निपटून काढतात. औषधांच्या निवडीतही हाच विचार दिसतो: इंग्लंडमधील बालकर्करोगतज्ज्ञांनी सिसप्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिनचा पुरस्कार केला तो मुलींचे कान आणि मूत्रपिंडे वाचावीत म्हणून. तिसरा, नवा प्रवाह अनुवंशविद्येचा: सर्टोली-लायडिग अर्बुद आणि गर्भाशयमुखाचा रॅब्डोमायोसार्कोमा यांचा डायसर-वन या जनुकातील दोषाशी संबंध गेल्या दोन दशकांत स्पष्ट झाल्यामुळे एका मुलीचे निदान आता तिच्या भावंडांच्या तपासणीचेही कारण ठरते.

औषधाने तारले, तसे औषधाने मारलेही, हा धडा या इतिहासातच आहे आणि तो विसरता कामा नये. गर्भपात टळावा म्हणून गरोदर स्त्रियांना डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक अमेरिकेत अनेक वर्षे सर्रास दिले जात होते. 1971 साली बोस्टनच्या आर्थर हर्बस्ट, हॉवर्ड अल्फेल्डर आणि डेव्हिड पोस्कँझर यांनी योनिमार्गाचा अत्यंत विरळ कर्करोग झालेल्या आठ तरुण मुलींची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी सात जणींच्या मातांनी गरोदरपणी ते औषध घेतले होते. हा शोध लागला तो मातांना नीट विचारलेल्या प्रश्नांमुळे. आठ रुग्णांच्या नोंदी काळजीने ठेवल्या गेल्या म्हणून जगातील असंख्य मुली वाचल्या. विरळ रोगांच्या बाबतीत प्रत्येक रुग्णाची नोंद हेच शास्त्राचे भांडवल असते.

आता आपल्या मुलुखाकडे येऊ. स्त्रियांच्या आरोग्याची परंपरा या जिल्ह्यास नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनच्या डॉक्टर रूथ ह्यूम यांनी नगर शहरात स्त्रिया व मुले यांच्यासाठी रुग्णालय उभे केले, तेव्हा पुरुष डॉक्टरापुढे न जाणाऱ्या कुटुंबांतील स्त्रियांना प्रथमच औषधोपचाराचे दार उघडले. 1970 साली डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे यांनी जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती, ज्यांना गावाने विहिरीवर पाणी भरू दिले नव्हते, अशा बायकांच्या हाती गावाचे आरोग्य सोपविले. 1979 साली त्या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेड हे नाव जगाच्या आरोग्यविचारात रुजू झाले. सहकारी साखर कारखान्याच्या पुण्याईवर उभ्या राहिलेल्या लोणी-प्रवरानगरच्या परिसरात 1984 साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले.

जामखेड तालुक्याच्या सीमेपलीकडे भूम आणि परांडा हे तालुके लागतात, आणि तेथून बार्शी दूर नाही. त्या बार्शीत 1987 साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली: गावोगाव फिरून, कर्करोगाची लक्षणे लोकांना समजावून, रुग्ण शोधून काढून त्याची नोंद करावयाची, ही पद्धत तेथे घडली. त्याच मंडळींच्या आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्याने, डॉक्टर शंकरनारायणन यांच्या नेतृत्वाखाली, तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील 1,31,746 स्त्रियांचा जो प्रचंड अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले: गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या मानवी पॅपिलोमा विषाणूची एकच तपासणी केल्याने त्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. आपल्या शेजारच्या खेड्यांतील मराठी बायांनी जगाच्या वैद्यकास दिलेली ही देणगी आहे. त्यानंतर 2009 मध्येच 10 ते 18 वर्षांच्या मुलींवर या विषाणूच्या लसीच्या दोन व तीन मात्रांची तुलना करणारा अभ्यास देशातील अनेक केंद्रांवर सुरू झाला, त्यांत पुणे आणि बार्शीही होती. 2010 साली सरकारी हुकुमाने लस देणे मध्येच थांबले आणि पुष्कळ मुलींना एकच मात्रा मिळाली. परंतु संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही, आणि एका मात्रेनेही टिकाऊ संरक्षण मिळते हे त्यातून दिसून आले. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागे या मुलींचाही वाटा आहे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग कुमारवयात जवळजवळ होत नाही. मग त्याचा उल्लेख येथे का, तर त्याचे बीज पडते ते तरुण वयात, आणि ते टाळण्याची संधी नऊ ते चौदा या वयात असते म्हणून. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या सर्वाव्हॅक या लसीस 2022 साली परवाना मिळाल्यापासून ही संधी आपल्या आवाक्यात आली आहे. मुलीच्या एका कर्करोगास वेळीच ओळखावयाचे आणि दुसऱ्यास येऊच द्यावयाचे नाही, ही दोन्ही कामे त्याच शाळेत, त्याच आशाताईंच्या आणि त्याच बाईंच्या हातून व्हावयाची आहेत.

मग अडते कोठे? या प्रश्नाचे उत्तर अप्रिय आहे, पण ते दिले पाहिजे. अविवाहित मुलीच्या पोटात गोळा वाढू लागला की घरात पहिली शंका रोगाची येत नाही. आई गप्प होते, बाप मुलीकडे पाहीनासा होतो, शेजारच्या गावच्या नातेवाइकाकडे तिला गुपचूप रवाना केले जाते, आणि ज्या आठवड्यांत गाठ झपाट्याने वाढत असते ते आठवडे लोकलज्जेच्या हवाली होतात. याहून भयंकर असे की, काही बीजपेशी-अर्बुदे बीटा-एचसीजी हे गर्भारपणातील संप्रेरक रक्तात सोडीत असल्यामुळे औषधाच्या दुकानातून आणलेली गर्भचाचणी अशा मुलीत खोटी साक्ष देते. मुलगी रडून सांगते, आणि तिचे कोणी ऐकत नाही. एका सोनोग्राफीने आणि एका रक्ततपासणीने जिचे निर्दोषत्व आणि आजारपण दोन्ही सिद्ध झाले असते, ती मुलगी आरोपी ठरते. आणि समजा ती गरोदर असती, तरीही तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा अधिकार कोणास नव्हता. तिला तेव्हाही डॉक्टरच हवा होता. हा प्रसंग टाळता येतो हे ज्यास ठाऊक आहे त्याने ते मोठ्याने सांगितले पाहिजे.

दुसरी अडचण घाईच्या सुरीची. ज्या पट्ट्यात 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल' हा सल्ला रूढ झाला आणि 2019 साली शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत शासनास चौकशी समिती नेमावी लागली, त्या पट्ट्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेड येथील कितीतरी कुटुंबे वावरतात. गर्भाशय हा काम झाल्यावर टाकून देण्याचा अवयव आहे, ही समजूत एकदा मुरली म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीचा निरोगी गर्भाशयही सुरक्षित राहत नाही. तिसरी अडचण व्यवस्थेची: बालरोगविभागास ही मुलगी मोठी वाटते, स्त्रीरोगविभागास ती लहान वाटते, आणि ती कोणत्या खाटेवर झोपावी येथपासून वाद सुरू होतो. चौथी अडचण भविष्याची: 'हिचे लग्न कसे होणार' हा प्रश्न 'ही जगणार काय' या प्रश्नाच्या आधी विचारला जातो, आणि रोग लपविण्याच्या नादात औषधांचे अखेरचे हप्ते चुकविले जातात.

पैशाची अडचण खरी आहे. परंतु ती पूर्वीइतकी अभेद्य राहिलेली नाही. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली आणि 2017 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालणारी राज्याची योजना कर्करोगावरील शस्त्रक्रिया, औषधे व किरणोपचार यांचा खर्च उचलते. 1941 साली परळ येथे सुरू झालेल्या टाटा रुग्णालयाकडे नगरहून अडीचशे किलोमीटरांचा प्रवास करून जाणाऱ्या कुटुंबास दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून शाळा-अंगणवाड्यांत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. साधने आहेत, ती मुलीपर्यंत पोहोचण्याचा रस्ता मध्येच तुटतो, आणि तो तुटतो बहुधा पहिल्या मैलावर, म्हणजे घर ते पहिला डॉक्टर आणि पहिला डॉक्टर ते योग्य रुग्णालय या दोन टप्प्यांत.

प्रस्तुत ग्रंथ त्याच पहिल्या मैलासाठी लिहिलेला आहे. यात कर्करोगतज्ज्ञास नवे असे फारसे नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. कोणत्या लक्षणांनी सावध व्हावे, मुलीशी एकांतात आणि आदराने कसे बोलावे, तिच्या संमतीवाचून तिच्या अंगास हात न लावता पोटावरून सोनोग्राफी करून किती कळते, कोणते रक्त कधी घ्यावे, कोणत्या गाठीस जिल्ह्यात हात घालू नये आणि शिफारशीच्या चिठ्ठीत काय लिहावे, हे येथे सविस्तर आहे. औषधोपचार चालू असताना घरी काय सांभाळावे, ताप आल्यास किती वेळात रुग्णालय गाठावे, केस गेल्याने मुलीचे मन खचते तेव्हा शाळेने काय करावे, आणि उपचार संपल्यावर फुप्फुसे, कान, मूत्रपिंडे व पाळी यांची फेरतपासणी किती वर्षे चालू ठेवावी, यांसही ग्रंथाने जागा दिली आहे. मराठी प्रतिशब्दांचा अट्टाहास न धरता दवाखान्यात जे शब्द बोलले जातात तेच वापरण्याचे धोरण मला फार पसंत पडले. कारण घाबरलेल्या बापास रिपोर्टवरील शब्द आणि पुस्तकातील शब्द एकच आढळले तर त्याचा अर्धा गोंधळ तेथेच निवळतो.

या साऱ्या प्रयत्नामागे जे एक तत्त्व आहे ते मी माझ्या शब्दांत मांडतो. वैद्यक कर्करोगातील यश पाच वर्षांच्या हयातीने मोजत आले आहे. साठीतील रुग्णास ते माप कदाचित पुरते; पंधरा वर्षांच्या मुलीस ते पुरत नाही. तिला पाच वर्षांनी वीस वर्षे पुरी होतात, आणि तिचे आयुष्य तेथून खऱ्या अर्थाने सुरू व्हावयाचे असते. तिने शिकावे, नोकरी करावी, मनास येईल तर लग्न करावे, इच्छा असेल तर आई व्हावे आणि नसेल तर न व्हावे, चांगले ऐकू यावे, दमछाक न होता डोंगर चढावा; हे सर्व तिच्या उपचाराच्या हिशेबात धरले पाहिजे. जीव वाचविणे हे पहिले कर्तव्य, यात शंका नाही. परंतु या रोगांच्या बाबतीत शास्त्राने आपल्याला अशा ठिकाणी आणून सोडले आहे की, बहुतेक वेळा जीव आणि जीवनाची पूर्णता यांत निवड करावी लागत नाही. दोन्ही एकाच वेळी राखता येतात, फक्त गाठ लवकर ओळखली जावी आणि ती योग्य हातांत पडावी.

1809 साली जे धाडस होते ते आज कौशल्य झाले आहे, आणि 1956 साली जे आश्चर्य होते ते आज योजनेच्या यादीत बसणारे औषध आहे. उरलेले काम शास्त्रज्ञांचे कमी आणि आपले अधिक आहे. जामखेडच्या निरक्षर बायकांनी बाळंतिणींचे आणि अर्भकांचे मृत्यू रोखून दाखविले, तेव्हा त्यांच्याजवळ यंत्रे नव्हती; नेमके काय पाहावे आणि कोणाकडे न्यावे, एवढे ज्ञान होते, आणि गावाचा त्यांच्यावर विश्वास होता. कुमारवयीन मुलींच्या या विरळ कर्करोगांबाबतही याहून अधिक कशाची आवश्यकता पहिल्या मैलावर नाही. ते ज्ञान या ग्रंथात आहे. विश्वास मात्र प्रत्येक घराने आपल्या मुलीवर ठेवावयाचा आहे, आणि तिने पोट दुखते असे सांगितल्याच्या पहिल्याच दिवशी ठेवावयाचा आहे.